मदत हवी आहे: बौडिका राणीचा पोशाख चित्रात कसा दाखवावा?

रेघोट्या:
इ. स. ६०-६१ मध्ये रोमनांविरुद्ध उठलेल्या, ब्रिटनमधल्या इसेनी टोळीच्या बौडिका राणीचं ए३ कागदावर जलरंगात चित्र करायचं आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाजवळचा, शिल्पकार थॉर्निक्रॉफ्टचा पुतळा समोर ठेवलाय. रेखाटनात पातळ झगा, रथाच्या चाकांना पाती, निळा चेहरा आणि शिंगांचं शिरस्त्राण आहे. काय ठेवू, काय काढू? शिवाय गळ्यातलं सोन्याचं टॉर्क (पिळदार जाड कडं) काही केल्या पितळी नळीसारखं दिसतंय.

सुताचा_गुंता:
चारही काढा. पुतळा १९०२ मध्ये बसवलेला, झगा ग्रीक-रोमन वळणाचा. पाती लावलेला रथ ब्रिटनच्या उत्खननात सापडलेलाच नाही. शिंगांचं शिरस्त्राण टेम्स नदीत मिळालंय खरं, पण पत्रा इतका पातळ की ते लढाईचं वाटत नाही. निळ्या रंगाबद्दल सीझर लिहितो ते ब्रिटनांविषयी, आणि तेही बौडिकाच्या शंभरेक वर्षं आधी.

तिचं वर्णन मिळतं ते रोमन इतिहासकार कॅशिअस डिओकडे, तेही दीडेकशे वर्षांनंतरचं: उंच बांधा, कमरेखाली रुळणारे पिंगट केस, मोठं सोन्याचं टॉर्क, बहुरंगी अंगरखा, वर ब्रोचने अडकवलेलं जाड पांघरूण, हातात भाला. दुसरा रोमन इतिहासकार टॅसिटस कपड्यांबद्दल गप्प आहे.

अंगरखा लोकरीचा दाखवा. चुण्या मोजक्या, गोलसर, खोल. घोंगडीची पडण बघा, रेशमी साडीची नको. चौकडा चालेल, पण आधी पेन्सिलीने घड्या पाडा आणि मग रेघा त्यांच्यावरून वळवा. पट्टीने सरळ आखलात तर राणी पुठ्ठ्याची दिसेल! अंगरख्यातल्या निळ्यासाठी इंडिगो घ्या. तिकडच्या वोड झाडाचा रंग आणि आपली नीळ, दोन्हींतलं रंगद्रव्य एकच.

खापरी:
नळी दिसतेय कारण एकच दंडगोल रंगवलाय. नॉरफकमधल्या स्नेटिशॅमला १९५० मध्ये मिळालेलं मोठं टॉर्क बघा: आठ-आठ तारांचे आठ पेड एकत्र पिळलेले, म्हणजे ६४ तारा. सगळ्या काढायला जाऊ नका. समोरून दिसतील तेवढे चार-पाच पेड तिरके काढा, प्रत्येकाची चमक वेगळी ठेवा. चमकेच्या जागा आधी मास्किंग फ्लुइडने (कागदाला रंग लागू न देणाऱ्या द्रवाने) झाका. फटींत बर्न्ट अंबर आणि इंडिगोचं मिश्रण. सोन्यात चांदी मिसळलेली आहे, म्हणून भडक पिवळा नको. पातळ यलो ऑकर पुरे. टॉर्कचं उघडं तोंड पुढे, दोन्ही टोकांना जाड नक्षीदार कड्या. वजन किलोच्या वर, तेव्हा ते हासळीसारखं गळ्याच्या हाडांवर टेकलेलं हवं, नरड्याला चिकटलेलं नको.

रेघोट्या:
आता पटलं, अख्ख्या टॉर्कवर एकच पांढरी रेघ ओढली होती. ब्रोच कुठे?

सुताचा_गुंता:
उजव्या खांद्यावर, म्हणजे भाल्याचा हात मोकळा राहतो. सेफ्टी पिनच्या जातीची, कमानदार, बोटाएवढी. मोठी गोल आयरिश ब्रोच टाळा, ती कित्येक शतकं नंतरची. आणि टोचलेल्या जागी कापड जरा ओढलेलं दाखवा, नाहीतर ती वर चिकटवल्यासारखी दिसते.