लेक भाषणात मधेच अडकते, १ ऑगस्टसाठी कसं बसवून घेऊ?

सहावीची आई:
२६ जानेवारीला लेक शाळेत भाषणाला उभी राहिली आणि चौथ्या वाक्यानंतर अडकली. गणवेशाचं टोक मुठीत, डोळे वर. उतरली ती रडतच माझ्याकडे आली. घरी तर झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवत होती! आता बाईंनी १ ऑगस्टसाठी पुन्हा तिचं नाव घातलंय. टिळक आणि अण्णाभाऊ साठे, तीन मिनिटं. माझं कुठे चुकलं?

निवृत्त बाई:
ताई, भाषण लिहून कोणी दिलं होतं? २८ वर्षं मुलांची भाषणं बसवली मी. अडकणारी बहुतेक मुलं मोठ्यांच्या शब्दांवर अडकायची. ‘असंतोषाचे जनक’ म्हणजे काय, तिला विचारा. सांगता आलं नाही तर ते वाक्य काढून टाका. घोकंपट्टीत प्रत्येक शब्द मागच्याचा हात धरून येतो, एक निसटला की पुढचं सगळं गेलं.

त्यापेक्षा प्रसंग सांगू दे. अण्णाभाऊ लहानपणी सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावहून मुंबईला पायी आले. हे तिला डोळ्यांसमोर आणता येईल, आणि दिसलेलं विसरत नाही. शब्द रोज थोडे बदलले तरी टोकू नका.

एक मात्र पक्कं करून घ्या. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि त्याच दिवशी अण्णाभाऊ जन्मले. एकाची पुण्यतिथी, एकाची जयंती. घाईत मुलं दोघांचीही जयंती म्हणतात, समोरून हसू येतं आणि पोर तिथेच खचतं. मला अजून वाईट वाटतं त्या चेहऱ्यांचं.

साऊंडवाला:
शाळांच्या कार्यक्रमांना माईक लावतो. स्टँड मुख्याध्यापकांच्या उंचीवर असतो. लहान पोरं टाचा उंचावून, मान वर करून बोलतात, मग आवाज फुटत नाही. आधीच सांगून स्टँड तिच्या हनुवटीपर्यंत खाली घ्या. तोंडापासून चार बोटं अंतर. माईक हातात दिला तर बॉक्सच्या समोर जाऊ नको म्हणावं. बॉक्सचा आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते, पोरं दचकतात.

सहावीची आई:
बाई, विचारलं. ‘जनक म्हणजे सीतेचे बाबा,’ म्हणाली. वाक्य काढलं. आत्ता नकाशा पसरून बसलीये, वाटेगाव सापडलं, बोट साताऱ्यापर्यंत आलंय.