‘डूम’ म्हणजे शाप नव्हे

इंग्रजी ‘डूम्ड’ (doomed) या शब्दासाठी मराठीत ‘शापित’ सुचवलं जातं, ते पटत नाही. शाप द्यायला कुणीतरी लागतो. इथे शेवट ठरलेला असतो, बस्स. जुन्या इंग्रजीत डूम म्हणजे निवाडा. इंग्लंडमधल्या 1086 सालच्या जमीन-नोंदींना ‘डूम्सडे बुक’ नाव पडलं तेही त्यातल्या नोंदीवर अपील नाही म्हणून. क्रियापद बहुधा कर्मणीच येतं: ‘डूम्ड टु फेल’.

‘शंभर भरले’ही नको, त्यात शिशुपालाचे अपराध आले. मुंबईच्या ट्रामने कुणाचं काय वाकडं केलं होतं? 31 मार्च 1964ला शेवटची धावली. तिच्याबद्दल आपण म्हणू, ‘ट्रामचे दिवस भरले होते’. डोहाळजेवणाच्या घरात मात्र हाच वाक्प्रचार जपून वापरा!