मुरमाड उतारावर पाण्याशिवाय टिकेल असं बुटकं फुलझाड कोणतं?

माळावरचा:
नमस्कार मंडळी, शिरूरकडे आमचं थोडं रान आहे, घरामागे मुरमाड उतार आहे आणि दरवर्षी वळवाच्या पावसात माती वाहून पार ओट्यापर्यंत येते. पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही, बोअर मार्चमध्येच आटतं. नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून दोन वर्षांपूर्वी वेडेलिया लावला, पिवळी फुलं मस्त आली पण एप्रिलमध्ये टँकर आणूनही सगळा करपला, फार जीव हळहळला. आता तो टणटणी लाव म्हणतोय. मला आपल्याच मातीतलं काहीतरी हवंय, जमीन झाकणारं, फुलणारं आणि शेळ्यांना पुरून उरणारं.

रानजाई:
टणटणी अजिबात नको दादा. ती बाहेरून, अमेरिका खंडातून आलेली, पाखरं फळं खातात आणि बी सगळ्या रानात जातं, शिवाय पाला गुरांच्या पोटात गेला तर विषबाधा होते. कोरांटी लावा, पिवळी, काट्यांची. पानाच्या बगलेत सुईसारखे काटे असतात त्यामुळे शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. आमची आजी हिलाच वज्रदंती म्हणायची, दात दुखला की पाला चावायला द्यायची.
जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की वीतभर फांद्या, जरा जून झालेल्या, तिरप्या कापून निम्म्या मातीत खुपसा. उताराला आडव्या ओळी, दीड-दोन फुटांवर, आणि खालच्या ओळीतलं झाड वरच्या दोन झाडांच्या मधे आलं पाहिजे म्हणजे पाणी सरळ धावत नाही. पहिला उन्हाळा मात्र आठवड्याला तांब्याभर पाणी द्याच, मुळं एकदा खाली गेली की मग चिंता नाही. मोकळी सोडली तर कमरेच्या वर जाते, म्हणून बहर सरला की गुडघ्याएवढी छाटायची, तेवढीच खालून दाट फुटते.

माळावरचा:
ताई, टेकडीवर भरपूर आहे ही! उपटून आणू का?

रानजाई:
उपटू नका हो, तिथली मातीही तिनेच धरलीय. फांद्या आणा नाहीतर बी. बोंडं तपकिरी व्हायला लागली की लगेच काढून कागदी पिशवीत ठेवा, एका बोंडात दोनच बिया असतात आणि उशीर केलात तर बोंड तडकून त्या लांब उडतात.

ओसरीवरून:
झाडाखाली जिथे थोडी सावली येते तिथे चित्रक लावा, पांढरी फुलं, फांद्या आडव्या पसरतात. फुलाखालचा हिरवा भाग इतका चिकट की बाजूने गेलं तरी साडीला चिकटतो. पण मुळी हाताळताना हातमोजे घालाच, रस कातडीला लागला की फोड येतात, घरात लहान मुलं असतील तर वाटेपासून लांबच लावा.
आणि एक कळकळीची विनंती, पानं खाल्लेली दिसली म्हणून फवारणी करू नका. कोरांटीवर लेमन पॅन्सी आणि चित्रकावर झेब्रा ब्लू फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. झाड परत फुटतं.

माळावरचा:
फवारणी नाही करणार, शब्द. वाटेच्या कडेला नातू खेळतो म्हणून चित्रक मागच्या बाभळीखाली लावतो, उतारावर सगळी कोरांटीच. उद्याच पिशव्या घेऊन टेकडीवर जातो, बोंडं आत्ता कुठे तपकिरी व्हायला लागलीयत.