साहेबांची बदली झाली की त्यांचं शिकलेलं जातं कुठं?

तापीकाठ

चार्ज देताना-घेताना काय लिहिलं जातं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल. प्रलंबित प्रकरणं किती, रोकडवहीत शिल्लक किती, डेडस्टॉक रजिस्टरात कपाटं-खुर्च्या किती. योजना राबवताना कुठं अडलं, का अडलं, काय केल्यावर सुटलं, याची एक ओळही त्यात नसते. बदल्यांचा कायदा २००५ चा, एका जागी साधारण तीन वर्षं. पहिलं वर्ष तालुका समजण्यात जातं, दुसऱ्यात काम बसतं आणि तिसऱ्यात बदलीचे वेध लागतात. नवीन साहेब पुन्हा पहिलीपासून.

वनहक्काचं उदाहरण घ्या. जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना जमिनीचा, जंगलाचा हक्क देणारा कायदा २००६ चा, नियम २००८ चे. त्या नियमांत दावे तपासणाऱ्या ग्रामसभेला दोन तृतीयांश गणपूर्ती लागायची. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा-धडगावकडं दिवाळी झाली की कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला गुजरातेत जातात. मग सभेला दोन तृतीयांश माणसं आणायची कुठून? फाइल हातात घेतलेल्या कोणत्याही तहसीलदाराला हे पहिल्याच हंगामात कळलं असणार. नियम बदलले २०१२ मध्ये. गणपूर्ती निम्म्यावर आली. दावा फेटाळला तर कारण लेखी कळवणं बंधनकारक झालं. उपग्रहाचा फोटो पूरक पुरावा म्हणून चालेल, पण बाकी पुराव्याच्या जागी नाही, हेही स्पष्ट झालं. म्हणजे खालचं शहाणपण वर पोचायला चार वर्षं गेली, आणि तेवढ्यात किती दावे बाद झाले असतील!

म्हणून माझी मागणी अशी की बदली होणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानं अंमलबजावणीची नोंद लिहूनच चार्ज सोडावा. सक्तीनं. तुमचं मत मांडा, विरोधी असेल तर आधी मांडा.

जुना कारकून

मी प्रांत कार्यालयात नोकरी काढली आहे, म्हणून विरोधी मतच मांडतो. तुमची नोंद सक्तीची झाली की ती निरुपयोगी होईल. कामात जे खरं शिकायला मिळतं ते बहुतेक वेळा नियमाच्या कडेचं असतं. म्हातारीचा अंगठा रेशनच्या मशिनवर उमटत नाही, तर अपवादाची तरतूद शोधून तिला धान्य द्यायचं. रोहयोची अंदाजपत्रकं भाद्रपदातच करून ठेवायची, म्हणजे दिवाळीआधी काम सुरू होतं. हे तोंडी सांगता येतं. कागदावर आलं की लेखापरीक्षणवाला विचारतो, कोणत्या शासन निर्णयानं केलंत? मग वसुली. अशानं कोणता साहेब खरं लिहील? तो लिहील की ‘योजना यशस्वीरीत्या राबवली’.

आणि रोहयोबद्दल आणखी एक. कायद्यानं १५ दिवसांत काम आणि काम झाल्यावर १५ दिवसांत मजुरी. ऊसतोडीचा मुकादम मात्र पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, हातावर ठेवतो. घरात दाणा नसताना माणूस कोणते पैसे घेईल? हे आमच्या कार्यालयात प्रत्येकाला ठाऊक होतं. लिहून काय बदललं असतं? उचल देण्याचा अधिकार तहसीलदाराला नाही.

धडगावची मास्तरीण

दोघांचंही बोलणं साहेबांभोवतीच फिरतंय. साहेबानं शिकायचं, साहेबानं लिहायचं. इथं ज्यांना आधीपासून माहीत असतं त्यांना कोण विचारतं?

आमच्या शेजारच्या पाड्यावरची अंगणवाडी सेविका काय करते ते सांगते. पावसाळ्यात ती पोरांची वजनं घेते. तीव्र कुपोषित पोरांची नावं रजिस्टरात जातात, ग्राम बाल विकास केंद्रात त्यांचा आहार सुरू होतो. दिवाळीनंतर आईबाप पोराला खांद्यावर घेऊन ऊसतोडीला जातात. पोर गेलं की त्या महिन्याच्या यादीतूनही गेलं. वर जाणाऱ्या अहवालात तीव्र कुपोषितांचा आकडा खाली येतो आणि तालुक्याच्या बैठकीत सुधारणा झाली असं वाचलं जातं. होळीला तेच पोर परत येतं, आणखी वाळलेलं. सेविका पुन्हा काट्यावर ठेवते, आकडा पुन्हा चढतो, आणि मग तिलाच विचारतात, तुमच्याकडं प्रमाण वाढलं कसं?

तिनं शेऱ्याच्या रकान्यात दर वेळी ‘स्थलांतरित’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असतं. बैठकीत तो रकाना कुणी वाचत नाही. तापीकाठ दादा, नोंद आहे. वाचणारा नाही. अमृत आहार योजनेत गरोदर बाईला एक वेळचं ताजं जेवण मिळतं, योजना खरंच चांगली आहे, पण ते जेवण पाड्यावर शिजतं आणि बाई असते उसाच्या फडात. आमच्याकडं म्हणतात तसं, साहेब उनात नि ग्यात, पाडा तठेच शे. साहेब आले नि गेले, पाडा तिथंच आहे.

तापीकाठ

ताई, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. पण तोच माझ्या बाजूनं जातो. सेविकेचा शेरा साहेबाच्या नोंदीत आला, तर पुढच्या साहेबाला पहिल्याच बैठकीत विचारावं लागेल की घटलेल्या आकड्यात स्थलांतरित किती.

केळीवाला, रावेर

माझा या सगळ्याच दिशेला विरोध आहे. अधिकाऱ्याला अनुभवावरून वागायला मोकळीक दिली की त्या मोकळिकीचा लाभ कोणाला होतो? ज्याचा साहेबाकडं चहा होतो त्याला. गरिबाला कागदावरचा नियमच वाचवतो, कारण तो दाखवून भांडता येतं.

आमच्या केळीचा फळपीक विमा हवामानावर आहे. थंडी-उष्णतेनं नुकसान माझ्या बागेत किती झालं ते पाहत नाहीत, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा पारा पाहतात. यात अन्याय होतो. केंद्र लांब असतं, माझ्या बागेतलं ऊन तिथं दिसतच नाही. एप्रिल-मे मध्ये पानं करपतात आणि भरपाईसाठी ठरलेला पाऱ्याचा आकडा थोडक्यासाठी चुकतो. तरी मी म्हणतो, पंचनाम्याला माणूस येण्यापेक्षा यंत्र बरं. यंत्राला ओळख लागत नाही. केंद्रं वाढवा, चुकीच्या जागी असतील ती हलवा, पण निकष सगळ्यांना एकच ठेवा.

जुना कारकून

केळीवाले भाऊ, पटलं. मात्र केंद्र चुकीच्या जागी आहे हे ठरवणार कोण? शेवटी कोणीतरी माणूसच शेतात उभा राहून सांगणार ना?

शिरपूरकर

लिहून ठेवलेल्या धड्याचं पुढं काय होतं ते आम्ही पाहिलंय. आमच्या तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून, साखळीनं बंधारे घालून पाणी जिरवलं. तापीच्या गाळाच्या थरात वर चिकणमाती बसलेली, पाणी खाली उतरतच नव्हतं. तो थर फोडला म्हणून विहिरींना पाणी आलं. यामागं जमिनीचा अभ्यास होता.

मग त्याचा ‘शिरपूर पॅटर्न’ झाला. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आलं, दरवर्षी ५,००० गावं, २०१९ पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र. एवढं लक्ष्य डोक्यावर असलं की डोंगरमाथ्यावर सलग समतल चर खोदत कोण बसेल? नाला खोलीकरणाला पोकलेन लावला की आठवड्यात फोटो मिळतो. खाली कठीण काळा पाषाण असो नाहीतर गाळ, जिथंतिथं खोदलं. धड्यातली कृती तेवढी उचलली, कारण मागंच राहिलं. म्हणून तापीकाठ भाऊ, मला तुमच्या नोंदींची भीती वाटते. चांगली नोंद वर गेली की तिचा शासन निर्णय होतो आणि मग ती सगळ्यांच्या गळ्यात येते.

साक्रीचा डॉक्टर

उलट उदाहरण देतो. करोनाची पहिली लाट ओसरली तेव्हा बरेच जण निर्धास्त झाले होते. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड आमच्याच सामोड्याचे, स्वतः एमबीबीएस. पहिल्या लाटेत ऑक्सिजनचं काय झालं ते बघून त्यांनी जिल्ह्यातच ऑक्सिजन प्रकल्प उभे केले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देश सिलिंडरसाठी धावत होता, तेव्हा हा आदिवासी जिल्हा तग धरून होता. कुणाच्या परिपत्रकाची वाट पाहिली असती तर? अधिकाऱ्याला मोकळीक नको म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

केळीवाला, रावेर

डॉक्टरसाहेब, त्या कामाला माझाही नमस्कार. पण असा माणूस भाग्यानं मिळतो. मी ज्याच्या टेबलासमोर उभा असतो तो नेहमीचा माणूस आहे, माझा प्रश्न त्याच्याबद्दल आहे.

धडगावची मास्तरीण

आणि बारीपाड्याचं काय? तुमच्याच साक्री तालुक्यात, डॉक्टर. गावानं स्वतःचे नियम केले, कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवला, शेकडो एकर जंगल परत उभं केलं. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथं किती अधिकारी येऊन गेले असतील, पण शिकलेलं गावातच राहिलं, कारण ते गावाचं होतं. माझी मागणी लिहून घ्या. साहेबानं नोंद करावीच, पण चार्ज सोडण्याआधी ती ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि खाली सेविका, रोजगार सेवक, आशा यांच्या सह्या असाव्यात. खोटं असेल तर तिथंच कोणीतरी उठून सांगेल.

जुना कारकून

ताई, ही सूचना मला नोंदीपेक्षा बरी वाटते. तरी एक अडचण राहतेच. बदल्या होतात एप्रिल-मे मध्ये. तोवर तुमचा पाडा होळीला परत आलेला असतो, त्यामुळं सभा भरेल. पण साहेबाचा बदलीचा आदेश संध्याकाळी येतो आणि सकाळी तो कार्यमुक्त होतो. वाचणार कधी?

धडगावची मास्तरीण

मग बदलीची वाट कशाला बघायची? १ मे ची ग्रामसभा दरवर्षी असतेच. बदली असो नसो, त्या सभेत वाचायची. आमच्या पाड्यापुरतं मी यंदा विषयपत्रिकेत टाकायला सांगणार आहे. तापीकाठ दादा, मसुदा तुम्ही करा, शेऱ्याचा रकाना सगळ्यात वर ठेवा.