मदत हवी आहे: प्ले अलाँग आणि टीव्हीची वेळ जुळत नाही

नमस्कार मंडळी. 'कौन बनेगा करोडपती' लागलं की आमच्या वेंगुर्ल्याच्या वाडीत सोनी लिव्ह अ‍ॅपवर प्ले अलाँग (टीव्हीवरच्या प्रश्नांना मोबाइलवर उत्तरं द्यायचा खेळ) खेळणारे बरेच. पण मोबाइलवर वेळ धावायला लागते तेव्हा टीव्हीवर बच्चनसाहेब प्रश्न वाचतच असतात. पर्याय कळेपर्यंत अर्धा वेळ गेलेला!

टीव्ही डीटीएचवर, नेट मोबाइलचं. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असला तरी सिग्नल वर जाऊन खाली यायला जेमतेम पाव सेकंद लागतो, म्हणजे दोष अंतराचा नाही. उरलेले सेकंद चित्र दाबून पाठवण्यात आणि सेट टॉप बॉक्समध्ये ते उलगडण्यात जातात. मग एचडीऐवजी साधा चॅनेल लावला तर फरक पडतो का? कोणी दोन्ही शेजारी लावून मोजलंय? फायबर घेतलेल्यांनीही सांगा.

दुसरं, पाऊस. सर आली की चित्राचे चौकोन पडतात, कारण डीटीएचच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. ६० सेंटिमीटरच्या डिश छत्रीऐवजी ९० ची लावून सुधारणा होते का? एलएनबीच्या (छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) कनेक्टरवर खाऱ्या वाऱ्याने हिरवट थर चढतो. तो घासून, नवा कनेक्टर बसवून वर रबरी टेप गुंडाळली तर किती पावसाळे टिकते?

आणि हो, 'करोडपती'च्या नावाने २५ लाखांच्या लॉटरीचा +९२ (पाकिस्तानचा कोड) वरून आलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज म्हणजे शुद्ध फसवणूक. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. घरातल्या म्हाताऱ्यांना हे मालवणीत समजावणारी छोटी ऑडिओ क्लिप कोणाकडे आहे का?