डिपार्टमेंटची वेबसाईट पोरांच्या गळ्यात: इंटर्नशिप की बिनपगारी नोकरी?

उद्यमनगरकर:
काल एका सरांनी टाकलंय: डिपार्टमेंटच्या वेबसाईटसाठी दोन इंटर्न हवेत, ४ क्रेडिट देऊ, मानधन नाही, 'अनुभव मिळेल'. डोकंच फिरलं. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. तेवढ्यात काय शिकणार? नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) तपासणीसाठी पीडीएफ चढवायच्या, झेंडावंदनाचे फोटो टाकायचे आणि एचओडींचा फोटो 'जरा उजळ' करायचा. मी लेथवर अप्रेंटिस घेतला तर १९६१ च्या कायद्यानं स्टायपेंड द्यावा लागतो. कॉलेजला तेवढी फुकट माणसं?

सायबर_चौक:
दादा, मी हेच केलंय. निकालाच्या दिवशी वर्डप्रेसचं (साईट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर) एक प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, अपडेट केलं आणि अख्खी साईट पांढरी. बॅकअप नाही. रात्रभर होस्टिंगवर एकेका प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलत बसलो, तेव्हा कुठलं गंडलंय ते सापडलं. कुठल्या प्रॅक्टिकलला शिकवतात हे? पुण्यात मुलाखतीला हाच किस्सा कामी आला.

उद्यमनगरकर:
म्हणजे 'आधी बॅकअप घे' म्हणणारंही कुणी नव्हतं. शिकलास तुझ्या जिवावर, श्रेय कॉलेजला!

सीएचबी_ग्रस्त:
सांगणार कोण? निम्मं डिपार्टमेंट आमच्यासारख्या तासिकावाल्यांवर चाललंय. प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालोय, पीएचडी झालीय, पगार तासावर. वेबसाईट बघायचा तास कोण लावणार? आधी जागा भरा, मग पोरांचा कळवळा दाखवा.

पेठेतला:
ते सगळं राहू द्या. मराठी नोटिसा वाचता येतील असं कधी करणार? श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवतात, मोबाईलवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं.

ऑफिसातली:
म्हणून तर प्रिंट काढून स्कॅन करतो. दिसतं ना नीट?

पेठेतला:
तुम्हाला दिसतं हो. माझा भाचा अंध आहे. स्कॅन म्हणजे चित्र, त्याचा स्क्रीन रीडर त्यावर मुका. स्कॉलरशिपची मुदत त्याला मित्रानं सांगितली, तीही संपल्यावर.

ऑफिसातली:
वाईट वाटलं. पण आमचा हात श्रीलिपीवर बसलाय. युनिकोडात (कुठल्याही मोबाईलवर दिसणारी अक्षरं) बदलायला गेलं तर कन्व्हर्टरनं रफार भलतीकडं जातो, जोडाक्षरं फुटतात, मग प्राचार्य आम्हालाच झापतात. युनिकोड शिका म्हणणाऱ्यांनी एक दिवस येऊन आमच्या टेबलावर बसा.

पेठेतला:
बसतो की! सकाळी साहेब सापडतील का टेबलावर?

ऑफिसातली:
टोमणे मारायचे तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन मारा. मी क्लार्क आहे.

सायबर_चौक:
भांडू नका राव. हेच काम इंटर्नला द्या ना. जुन्या नोटिसा युनिकोडात आणायच्या, रफार तपासायचे, स्क्रीन रीडर लावून ऐकायचं. १२० तास पुरायचे नाहीत.

उद्यमनगरकर:
हे काम असेल तर माझी हरकत मागे. मिसळ माझ्याकडून, मानधन कॉलेजकडून. दोन्ही मिळायची शक्यता सारखीच.

सीएचबी_ग्रस्त:
आमचंच मानधन वेळेत निघत नाही, पोरांचं म्हणे!

उद्यमनगरकर:
आणि पोरगं पास होऊन गेलं की? पुढचा येईपर्यंत कुलूप?

सायबर_चौक:
कुलूप कसलं? ॲडमिनचा पासवर्ड अजून माझ्याकडंच आहे.

उद्यमनगरकर:
बदला म्हणाला नाहीस?

सायबर_चौक:
म्हणालो की. सर म्हणाले, "राहू दे तुझ्याकडं, लागला तर फोन करतो." मागच्या महिन्यात केला पण. झेंडावंदनाचे फोटो होते.