बचाव रुळायला पूर्ण सीझन लागतोच असं नाही
अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचा प्रशिक्षक) आला की बचाव रुळायला अख्खा सीझन जातो’ हे सरसकट पटत नाही. 2024 चा फिलाडेल्फिया ईगल्स संघ बघा. विक फँजिओ कोऑर्डिनेटर म्हणून आले, पहिल्या चार सामन्यांत 2 विजय, 2 पराभव. टॅम्पा बेनं 33 गुण ठोकले तेव्हा फिलाडेल्फियावाले या म्हातारबाबांच्या, म्हणजे फँजिओंच्या नावानं बोटं मोडत होते. मग बाय वीक (सामना नसलेला आठवडा), आणि त्यानंतर सलग 10 विजय! सीझनअखेर प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत कमी यार्ड पुढे सरकू देणारा बचाव त्यांचाच.

पण हे नुसतं वेळ गेल्यानं झालं नाही, हा मुद्दा त्या म्हणण्यात राहून गेलाय. बायनंतर रुकी (पहिल्याच सीझनचा खेळाडू) कूपर डिजीनला स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या बाजूच्या रिसीव्हरला रोखायच्या जागी, कायम खेळवायला लागले. आधीच्या सेंट्स संघात मुख्यतः स्पेशल टीम्समध्ये (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांत) दिसणाऱ्या झॅक बॉनला तर आधीच आतला लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) केलं होतं. फँजिओंची पद्धत म्हणजे दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोलवर, आणि ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा खेळाडू सोडणं, क्वचित. त्यात स्लॉट नाहीतर आतला लाइनबॅकर कच्चा निघाला की मधला पट्टा मोकळाच. या दोन जागा बसल्या आणि सुपर बोलमध्ये (अंतिम सामन्यात) एकही ब्लिट्झ न करता प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक महोम्सला सहा वेळा सॅक केलं, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडलं. उलट 2023 च्या डिसेंबरात याच संघानं नुसता बचावाचा प्ले-कॉलर (डावपेच ठरवणारा प्रशिक्षक) बदलला, खेळाडू तेच. काडीचा फरक पडला नाही.